बंब, बोंब आणि तो शब्द

माघ वद्य ३, शके १८०९. भिसेगाव.

भिवाजीची गवताची गंजी जळाली. आमच्या गावाला आगीची काय हौस! झाडून सगळे आले. हात मागे बांधून. कोणी म्हणाला, वारा घाटाकडचा आहे. कोणी म्हणाला, गंजी तिकडे रचायला हवी होती. पाणी घेऊन एकटा भिवाजी धावत होता आणि आम्ही त्याला वाट देत नव्हतो. मी तर उपदेशही केला—घर पेटल्यावर विहीर खणणाऱ्याचा आमच्या शास्त्रात फार उपहास आहे, म्हणून.

भिवाजी घागर खाली ठेवून म्हणाला, "शास्तरीबुवा, हीर खणल्याली हाय. तुमी तिच्या तोंडाशी हुबं ऱ्हायलाव."

बाजूला झालो. तोवर गंजीची राख.

ठाण्याच्या साप्ताहिकाला हकीकत पाठवली. शेवट असा केला: "सरकारचा बंब मुंबईस, आमच्यापाशी फक्त बोंब. बंब बोलावल्यास अस्थी गोळा करण्यास वेळेवर पोचेल." संपादक हेच वाक्य कापतील. मागच्या खेपेस माझ्या दोन पानांतून त्यांनी एवढेच छापले होते—"कर्जतेस ऊन फार."

माघ वद्य ५.

सुंदरा आली. पनवेलहून गाडीने, वाटेत लोधिवलीला मुक्काम करून. आधी पोट उतरले, मग लेक.

गेल्या खेपेस सासरी सुईण वेळेवर आली नाही. मूल गेले. तीही जायची. त्याविषयी घरात कोणी अक्षर काढत नाही. नुसते तिच्या पानात तूप वाढत राहतात. आज ती म्हणाली, "बाबा, एवढं तूप निरांजनात घाला, वर्षभर पुरेल."

बाळंतिणीची खोली म्हणजे आमची मागची पडवी. वर गवत. खाली बाज. बाजेखाली शेकाची शेगडी, तिच्यात निखारे, वर ओव्याची धुरी. म्हणजे चूल खाली, सरपण वर, आणि मध्ये माझी लेक!

मी म्हटले, शेगडी नको. अंबूअक्का पुढे आली. ही माझी थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हापासून या घरात राज्य तिचे. मी आपला नामधारी पेशवा. म्हणाली, "शेकाशिवाय बाळंतीण? तू कधी बाळंत झालास रे दामू?"

नाही झालो.

मग म्हटले, निदान गवत काढून कौले घालू. खालापूरच्या कुंभाराला निरोप धाडला. उत्तर आले, शिमगा झाल्यावर. हा देश शिमगा झाल्यावरच सुरू होतो.

माघ वद्य ८.

मंडळी स्थापन केली! नाव माझे—अग्न्यापत्प्रतिबंधक स्वावलंबी मंडळी. उच्चारता उच्चारता घर जळेल, असे आमच्या कुटुंबाचे मत पडले. भिवाजीच्या तोंडी त्याचे "आगीआपट मंडळी" झाले आणि संध्याकाळपर्यंत गावभर तेच.

अध्यक्ष नाना जोशी—पंचांग, सोवळे आणि राग तिन्ही कडक. हरीपंत चिटणीस, स्टेशनावर तिकिटे देतो, म्हणून जगाचा अनुभव त्याला. शेतकऱ्यांच्या आळीतून भिवाजी. नियम साधे: दर दारी भरलेल्या घागरी, ओले गोणपाट, पेटते गवत ओढून पाडायला आकडी लावलेला बांबू. मंडळीची म्हणून एक शिडी. सरकारची वाट पाहायची नाही, शेजाऱ्याची पाहायची.

कुटुंब म्हणाले, "आधी आपल्या पडवीत घागरी भरा. लेख मागून."

माघ वद्य ९.

घागरी भरल्या. भिवाजीच्या म्हशीने रिकाम्या केल्या.

माघ वद्य १२.

आग लागली हे गावाला कळवायचे कसे? यावर सभा. कुटुंबाने डाळवडे केले होते, म्हणून सभा लांबली.

देवळाची घंटा? ती जो तो जाता-येता बडवतो. शंख? नानांचा शंख दिवसातून दोनदा वाजतो. तेवढ्या आगी परवडणार नाहीत. हरीपंत म्हणाला, इंजिनाची शिटी. घाट चढायला मागून इंजिन जोडतात ते दिवसभर कोकलतच असते. भिवाजी म्हणाला, "बोंब मारायची. सगळ्यांस्नी येती, शिकवाय लागत नाय." पण पुढे शिमगा! शिमग्यात बोंब मारली तर लोक पाणी आणतील की पिंपभर रंग?

तेव्हा मला सुचले. वेदाचा आरंभच अग्नीला हाक मारून होतो. तो पहिला शब्द! चुकून कोणाच्या तोंडून निघायचा नाही, दुसऱ्या कशाशी घोटाळा व्हायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना म्हणाले, "शास्त्रीबुवा, अग्नी स्वतःच लाजेल!"

तो शब्द इथे लिहीत नाही. ही वही हरीपंताने दिलेली, रेल्वेच्या कचेरीतली, पाठीला कातडे. कातड्यावर वेद? अक्का घराबाहेर काढील—मला, वहीला नव्हे. वहीत धोब्याचा हिशेब आहे.

माघ वद्य १३.

वडे पचल्यावर नानांना शास्त्र आठवले. सकाळीच दारात. "वेदाचा शब्द बायकांनी आणि इतर जातींनी उच्चारायचा नाही! तुम्ही काशीचे नसलात तरी वाईचे आहात, हे तुम्हाला मी सांगायचं?"

भिवाजीला बोलावले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मंजी आमच्या आळीत आग लागली तर आदी बामण हुडकायचा?"

नाना म्हणाले, "हो. नि तो सोवळ्यात असावा."

"मंग आगीला सांगा, जरा दम धर म्हणून."

शेवटी नियम झाला—बायकांनी नि इतरांनी पितळी ताट बडवावे. ते ऐकून जवळच्या ब्राह्मणाने शब्द उच्चारावा. शब्द ऐकून गावाने धावावे. सोवळ्याची अट मी कशीबशी काढवली. आत येऊन अक्काला सांगितले. वाटले, हसेल. ती भाजी निवडत म्हणाली, "नाना बरोबर आहेत. बायकांनी वेद तोंडानं म्हणायचा नाही." तोंडानं या शब्दावर तिने एवढा जोर का दिला, कळले नाही.

फाल्गुन शुद्ध २.

पूजा करताना एका जागी अडखळलो. आतून अक्का खाकरली. चुलीचा धूर, म्हणते. वर्षानुवर्षे नेमक्या माझ्या पूजेच्या वेळी हिच्या चुलीत ओली लाकडे का असतात, देव जाणे.

फाल्गुन शुद्ध ४.

आगीची तालीम. भिवाजीच्या खळ्यावर पेंढा पेटवला. त्याच्या भावजयीने ताट बडवले. नानांनी शब्द उच्चारायचा ठरला होता.

उच्चारला! पण कसा! डोळे मिटून, हात जोडून, स्वर लावून. पलीकडच्या आळीतले भिक्षुक पळी-पंचपात्र घेऊन पाट मागत आले. त्यांना वाटले, कोणाकडे तरी पारायण बसले. एकाने तर यजमान कोण म्हणून मलाच विचारले. पेंढा आपला आपण जळून विझला. पाण्याचा थेंब पडला तो पळीतून, आचमनाचा.

सुंदरा खिडकीतून बघत होती. हसता हसता पोट धरून बसली. कुटुंब ओरडले, "पुरे गं! इथंच बाळंत होशील!"

नियमात भर: शब्दाला स्वर नको. ओरडायचा.

फाल्गुन शुद्ध ११.

मंडळीची शिडी गेली. आकड्याही गेल्या. होळीत! चोरून नेलेले लाकूड होळीवर पडले की परत मागायचे नाही, असा शिष्टाचार. मी तरी मागायला गेलो. पोरांनी माझ्या नावाने बोंब ठोकली, यमकासकट. यमक चांगले होते.

कुंभाराला पुन्हा निरोप. पुन्हा तेच उत्तर.

सुंदराला आज सोनाबाईने पाहिले. ही सुईण, भिवाजीच्या आळीतली. म्हणाली, "पोर खाली सरकलंय. तयारीनं ऱ्हा." मी तिच्या घरापासून आमच्या घरापर्यंत चालून पाहिले. मग पळून पाहिले. कुत्री मागे लागली.

फाल्गुन शुद्ध १४.

मुलगी.

सकाळी. दोघी सुखरूप. सोनाबाई वेळेच्या आधीच येऊन बसली होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "रडू नका शास्तरीबाबा, पोरीनं तुमच्यापेक्षा कमी रडून घेतलं."

लेखणी धरवत नाही. शाईचा दोष.

फाल्गुन पौर्णिमा.

नानांनी दारातूनच निर्णय दिला. लेक माहेरी बाळंत झाली, म्हणून मला तीन दिवस सोयर. देवाला शिवायचे नाही, वेद उच्चारायचा नाही. मी विचारले, "आणि आग लागली तर?" नाना म्हणाले, "तीन दिवसांत कशाला लागतेय?"

बाजेखाली शेगडी रात्रंदिवस. अक्का बाळंतिणीला शिवत नाही. उंबऱ्याबाहेर बसून तिथून राज्य करते. "सोने, निखारा विझू देऊ नकोस. पोरीच्या टाळूला तेल जास्त." वर गवत. वाळून कुरकुरीत. मी दर थोड्या वेळाने पडवीत डोकावतो. सुंदरा म्हणते, "बाबा, तुम्हीच आग लावाल, इतकं टक लावून बघताय."

फाल्गुन वद्य २.

काल लिहिणे झाले नाही. दौत फुटली. आज कुटुंबाच्या कुंकवाच्या पाण्याने लिहितो आहे, तिला सांगायचे नाही.

काल धुळवड. दुपारी आळी रंगाने आणि बोंबांनी भरलेली. मी पुढल्या ओटीवर साप्ताहिकासाठी लिहीत होतो—"आपत्प्रसंगी चित्ताची स्थिरता." सोनाबाई शेगडी मागल्या दारी नेऊन निखारे फुलवत होती. घाटावरून वाऱ्याचा झोत आला. एक ठिणगी वळचणीत.

"शास्तरीबाबा! गवात पेटलं वं!"

धावलो. पडवीच्या कडेने ज्वाळ चढत होती. आत सुंदरा. पोर. शब्द माझ्या जिभेवर आला—आणि शब्दावर सोयर येऊन बसले! तिसरा दिवस! तोंड उघडे ते उघडेच. थांबलो एका श्वासाइतका. गवताला तेवढा पुरतो.

कुटुंबाने नियमाप्रमाणे ताट बडवले. ताट ऐकून जवळच्या ब्राह्मणाने शब्द उच्चारावा. जवळचा ब्राह्मण मी. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे.

"अहो, बोंबला तरी!"

बोंबललो. तोंडावर हात मारून, बेंबीच्या देठापासून. जन्मात अशी बोंब मारली नव्हती. आणि सबंध आळीने मला हर्षाने प्रत्युत्तर दिले! एकच बोंब उठली. हरीपंत निळा-जांभळा होऊन धावत आला, माझ्या दोन्ही गालांना रंग फासला. "वा शास्त्रीबुवा! आज खरे माणसात आलात!" मी पडवीकडे बोट दाखवतोय, तो माझ्या बोटालाही रंग लावतोय!

तेवढ्यात तो शब्द आला.

मागून. विहिरीकडून. मोठा, कोरडा, स्वच्छ. आळी चिडीचूप. आणि मग—काय सांगू—आगीआपट मंडळी उठली! ज्याच्या हातात रंगाचे पाणी होते त्याने तेच आणले. भिवाजीने बांबूला कोयता बांधून पेटते गवत बाहेर ओढले. घागरी हातोहात. कुटुंबाने बाळंतिणीच्या न्हाणाचा सबंध हंडा कडुनिंबाच्या पाल्यासकट भडकत्या वाशावर ओतला. हरीपंताचा रंग उतरून चेहरा पांढरा निघाला.

मी दारात उभा. आतून सुंदरा आली. आपल्या पायांनी. पोर पदराखाली, केसांत राख. म्हणाली, "बाबा, वाटेत उभे आहात."

या गावात मी नेहमी तिथेच उभा असतो.

बाजूला झालो. पोर रडत होती म्हणून बरे वाटले. मग विहिरीकडे गेलो.

कट्ट्यावर अक्का. आलवण खांद्यावर घसरलेले, बोडके डोके उन्हात उघडे. पोहरा ओढत होती. नुसत्या शब्दावर ती थांबलीच नव्हती! एक ओळ, एक ओढ. एक ओळ, एक ओढ. सबंध सूक्त चालले होते, आणि भिवाजीच्या आळीच्या बाया त्या ठेक्यावर घागरी पुढे देत होत्या. ज्या जागी मी लहानपणी हटकून वडिलांचा मार खायचो, तिथे ती दोराला हिसडा देऊन सरळ पुढे गेली. वडील मला ओटीवर शिकवायचे. भिंतीपलीकडे हिचे जाते चाले. जात्याची घरघर मात्र मधूनच थांबायची. आज आठवले.

मला पाहून तिने डोके झाकले.

"बघतोस काय? दोर धर."

धरला.

फाल्गुन वद्य ४.

अर्धी पडवी गेली. माणसे सगळी आहेत. सुंदराची बाज माजघरात. अक्का सोवळे बाजूला ठेवून पोरीला मांडीवर घेऊन बसते. आगीत सगळे शिवलेच, आता काय, म्हणते. शेगडी मात्र सुटलेली नाही.

आज मंडळीची सभा. प्रश्न एकच: शब्द उच्चारला कोणी? मला सोयर. हरीपंत बोंबलत होता. त्याला साक्षीदार फार. नाना आगीच्या वेळी नदीवर आंघोळीला गेलेले. बाईने उच्चारला असेल तर प्रायश्चित्त! नानांनी त्याचा विधीही काढून आणला होता. केवढा लांब! अक्काच्या वयाला ते उपास म्हणजे दुसरी आगच. मी माझ्या अंगठ्याकडे पाहत बसलो.

नाना म्हणाले, "भिवाजी, तू विहिरीच्या बाजूनं आलास. कोणाचा आवाज होता?"

भिवाजीने माझ्याकडे पाहिले. मग आतल्या दाराकडे. "काय सांगावं, नाना. धूर डोळ्यांत जातो तसा कानांत बी जातो. मला आकाशवानीच वाटली."

"स्वर कसे होते?"

हरीपंत म्हणाला, "शुद्ध, हो! काटा आला अंगावर."

नाना विचारात पडले.  मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "इतके शुद्ध स्वर या गावात कोणाचे? मीच असणार. नदीत उभा राहून म्हणत होतो खरा. पाण्यावरून आवाज लांब जातो."

मी तत्काळ अनुमोदन दिले. नानांच्या आभाराचा ठराव एकमताने पास. विधीचा कागद मी पाहायला म्हणून मागून घेतला. न्हाणीच्या बंबात बरा जळेल. नानांनी संतुष्ट होऊन शांतिमंत्र म्हटला. तिसऱ्या ओळीला आतून कोणी तरी खाकरले.

चूल विझलेली होती. धूर कुठला?

भिवाजी उठता उठता हळूच म्हणाला, "शास्तरीबुवा, पुढल्या खेपेला आकाशवानीला सांगा, आमच्या आळीकडं बी तोंड करा म्हणून."

फाल्गुन वद्य १०.

बारसे. पोरीचे नाव अंबू. अक्का म्हणाली, "जुनाट नाव. कोणी ठेवलं?" सुंदरा म्हणाली, "आकाशवाणीनं."

म्हणजे सभा भिंतीआडून ऐकणारी ही दुसरी.

फाल्गुन वद्य ११.

खालापूरचा कुंभार कौले घेऊन हजर. जळल्या वाशांकडे बघून म्हणाला, "बरं झालं, गवात काढायचा तरास वाचला."

साप्ताहिक आले. माझ्या चार पानांतून: "भिसेगावी आग. विझली."

चैत्र शुद्ध १, शके १८१०.

पाडवा. ओटीवर लिहीत बसलो आहे. नव्या कौलांखाली अक्का पाळणा हलवते. पोर झोपेना, म्हणून हळू आवाजात वायूचे सूक्त चालले आहे. अग्नीमागून वायू—क्रमच तसा. एका जागी तिचे चुकलेसे वाटले. मी खाकरलो.

पाळणा थांबला.

"दामू, पोथी बघ."

पाहिली. चूक माझी. मुंजीपासूनची.